टोकेकाकांची दोन्ही टोकं

सकाळी पावणेदहा वाजता टोकेकाकांनी टेस्टरवर एकचा दिवा लावला आणि पलीकडून त्यांचे मदतनीस असलेले साडू आनंदानं ओरडले, "सात!"

"काय?"

"सात, साडूभाऊ, सात! छान लागलाय. हिरवागार."

नेटवर्कची केबल कधी न बांधलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटणार नाही. टेस्टर म्हणजे साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या. एक केबलीच्या या टोकाला लावायची, दुसरी त्या टोकाला. केबलीच्या पोटात आठ तारा असतात. इकडे एकचा दिवा लागला की तिकडेही एकचाच लागला पाहिजे, दोनला दोन, तीनला तीन, असं थेट आठापर्यंत. इथे एकला सात लागला, दोनला आठ लागला. तीन ते सहा शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी होते आणि पुढे सातला एक, आठला दोन. चार तारांनी परस्पर घरं बदलली होती.

काकांनी दुसरी केबल लावली.

"सात!"

तिसरी.

"सातच! एकसारखं आहे हो सगळं, काळजी नको."

साडूभाऊ एकसारखेपणावर खूश होते. काकांच्या मात्र मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि पाठीच्या कण्यानं सावकाश खाली उतरला. चोवीस टेबलं, चोवीस केबली, आणि चोवीसही वेळा तीच चूक. आळशी माणूस चोवीस वेळा चुकला तर चोवीस तऱ्हांनी चुकतो. एकच चूक चोवीस वेळा करायला शिस्त लागते, आणि शिस्त साडूभाऊंच्या घराण्यात कुणालाही नव्हती.

ती होती टोकेकाकांना.

टोके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. धंद्यातल्या लोकांनी ते चिकटवलं, कारण काकांचा एकच नियम होता: एका केबलीची दोन्ही टोकं एकाच हातानं बांधायची. टेबलाखालचा जॅक, म्हणजे वायर खोचायची खोबणी, त्यांनीच बसवायचा आणि सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या रॅकमधल्या पट्टीवर तारा ठोकायच्या त्याही त्यांनीच. दुसऱ्या कुणी एक टोक बांधतो म्हटलं की ते चवताळत. "एक टोक माझं, एक टोक तुझं, म्हणजे केबलीला सावत्र बाप!" म्हणत. पंचवीस वर्षांत त्यांची एकही केबल परत उघडावी लागली नव्हती. त्यामुळे हा नियम हळूहळू कलेचा नियम म्हणून गाजला. ज्यांना केबलीचं धड साल सोलता येत नव्हतं असे केबलवालेसुद्धा गिऱ्हाईकासमोर छाती काढून सांगू लागले, "आम्ही दोन्ही टोकं स्वतःच बांधतो, टोकेकाकांच्या पद्धतीनं."

काका त्रेपन्न वर्षांचे. गुडघ्यांना कायम जाड रबरी पट्टे. निम्मं आयुष्य टेबलांखाली गेल्यामुळे साहेब लोकांना ते चेहऱ्यानं ओळखत नसत, बुटांनी ओळखत. "ते करड्या मोज्यांवाले मॅनेजर बदलून गेले का हो?" असं विचारत. टोक बांधताना ते डोळे मिटून घ्यायचे. तारांची जोडी चिमटीत धरायची, अंगठ्यानं हलकेच मळायची, मान किंचित डोलवायची आणि मग ती तार जिथल्या तिथे बसवायची. बघणाऱ्याला वाटे, माणूस समाधीत गेला. एका बँकेत तर दोन कारकून काम सोडून हात जोडल्यासारखे उभे राहिले होते.

खरी गोष्ट अशी, की काकांना रंग दिसत नसत.

सगळे दिसत नसत असं नाही. निळा दिसे, पांढरा दिसे. पण केशरी, हिरवा आणि तपकिरी हे तिघं त्यांच्या लेखी एकच. शाळेत त्यांनी तपकिरी पानांचं झाड काढलं तेव्हा चित्रकलेच्या मास्तरांनी ते वर्गभर फिरवून दाखवलं. बाविसाव्या वर्षी सरकारी नोकरी हातातोंडाशी आली, शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि विचारलं, "आकडा कोणता?" काकांना नुसते ठिपके दिसले. नोकरी गेली. त्या दिवसापासून ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायकोला सांगावी लागली नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी किलोभर कच्चे टोमॅटो आणले आणि "बघ, काय लालबुंद आहेत" म्हणाले, तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून ते टोमॅटो दाबून बघून आणतात, आणि घरात त्या दुखण्याचं नावच 'टोमॅटो' पडलं.

असा माणूस केबलीच्या धंद्यात कसा टिकला? तर बोटांनी. केबलीतल्या आठ तारा म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली असते आणि एका जोडीचा पीळ दुसरीसारखा नसतो. ते मुद्दामच असतं, नाहीतर एकीची बडबड दुसरीला ऐकू जाते. काका ज्या कंपनीची केबल वापरत तिच्यात हिरव्या जोडीचा पीळ सगळ्यांत घट्ट, केशरीचा त्याहून सैल आणि तपकिरीचा सगळ्यांत सैल. डोळ्यांनी निळी निवडायची, उरलेल्या तिघी बोटांनी. जोडीतली एक तार पांढऱ्या पट्ट्याची असते, ती त्यांना दिसे. पंचवीस वर्षं बिनबोभाट चाललं.

आणि समजा कधी केशरी नि तपकिरीची अदलाबदल झाली, तरी दोन्ही टोकं त्यांचीच. दोन्हीकडे तीच चूक झाली की चूक उरतच नाही, विजेला रंगांशी काय करायचंय! रंगांचा ठरलेला क्रम असतो तो विजेसाठी नसतोच. पलीकडच्या टोकाला बसलेल्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी असतो. त्यानं क्रमाप्रमाणे बांधलं आणि आपणही बांधलं, तर ओळख नसताना दोघांचं जुळतं. काकांनी पलीकडच्या टोकाला असा माणूस कधी बसूच दिला नव्हता. परवापर्यंत.

ही इमारत होती अग्निशमन दलाची. खाली गाड्या आणि वर नवा नियंत्रण कक्ष. आग लागली, कुणी अडकलं, कुणी पडलं, की शहरभरातले फोन इथे येणार. टेबलावरचे फोनसुद्धा आता याच केबलींवर चालणार होते. आज बरोबर बारा वाजता टेलिफोन कंपनी जुन्या कक्षाच्या लाइनी तोडून नव्या कक्षाकडे वळवणार होती. एकदा वळवल्या की संध्याकाळपर्यंत परत फिरवता येणार नव्हत्या. बाराला ही चोवीस टेबलं मुकी राहिली, तर जळणाऱ्या घरातला माणूस नंबर फिरवणार आणि इकडे कुणीही उचलणार नाही.

काकांनी मागच्या आठवड्यात सगळं काम संपवून, तपासून दिलं होतं. पण काल दुपारी सुरक्षेचे तपासनीस आले आणि म्हणाले, रॅक दाराच्या वाटेत आहे, आजच्या आज समोरच्या भिंतीला न्या. काका नेमके बायकोची दाढ काढायला गेले होते. साडूभाऊ म्हणाले, "एवढंच ना!" त्यांनी रॅक हलवला, चोवीस टोकं कापली आणि पट्टीवर छापलेल्या तक्त्यात बघून, रंगाला रंग लावून, पुन्हा ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस छापील नियमानं वागला होता. तपासलं मात्र नाही, कारण टेस्टर काकांच्या बॅगेत होता आणि टेस्टरला काका कुणाला हात लावू देत नसत.

आता काकांच्या डोक्यात एक शंका आली. आठ महिन्यांपूर्वी दुकानदारानं दुसऱ्या कंपनीच्या केबलीची खोकी द्यायला सुरुवात केली होती. काकांनी खोक्यातून वीतभर तुकडा कापला, साल सोललं, डोळे मिटले. निळी बाजूला केली. घट्ट, मध्यम, सैल. सगळ्यांत सैल जोडी चिमटीत धरून ते दाराशी गेले. तिथे पहारेकरी बसला होता.

"जरा सांग बरं, ही कुठल्या रंगाची?"

"मला विचारताय?" पहारेकरी हसला. "केशरी आहे की. डोळे तपासून घ्या काका."

काकाही हसले. हसताना त्यांचे ओठ दातांना चिकटले. नव्या कंपनीत सगळ्यांत सैल पीळ केशरी जोडीचा होता, तपकिरीचा नव्हे. आठ महिने ते दोघींची अदलाबदल करत होते. दोन्ही टोकांना अदलाबदल, म्हणून सगळं चालत होतं. काल पहिल्यांदा एका टोकाला डोळस माणूस बसला.

तेवढ्यात जिन्यात आवाज घुमला आणि दोन मजल्यांना कळलं की कक्षप्रमुख बाई येत आहेत. या बाईंना अख्खं दल 'सायरन' म्हणत असे. त्यांच्या कानावर जाणार नाही अशा अंतरावरून म्हणत असे, आणि ते अंतर बरंच होतं.

"टेबलं चालू का नाहीत? दहा वाजले!"

"केबली उलट लागल्यात मॅडम," काका म्हणाले.

"कुणी लावल्या?"

"रॅकच्या बाजूनं काल मी ठोकल्या, मॅडम," साडूभाऊ पुढे आले. "तक्त्यात बघून. रंगाला रंग."

"तपासलं होतं?"

"टेस्टर साडूभाऊंकडे होता ना. तो काय, त्यांच्या उशाखाली असतो."

बाईंना विनोद आवडला नाही. त्या काकांकडे वळल्या. "तुमचं काम मागच्या आठवड्यात माझ्यासमोर तपासलंत. चोवीसच्या चोवीस बरोबर होती. होती ना?"

"होती."

"टेबलाकडच्या टोकांना नंतर कुणी हात लावला?"

"नाही."

"मग चूक कुठल्या टोकाला आहे?"

काकांच्या डोळ्यांसमोर ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. एक शब्द बोलायचा होता. तो त्यांनी उच्चारला.

"रॅकच्या."

आणि एकदा एक शब्द सुटला की पुढचे मागे थांबत नाहीत. "तिकडे तारही उरलेली नाही, मॅडम. कशीबशी ताणून पुरवलीय. आता मलाच माझ्या बाजूचं चांगलं काम उघडून यांच्या चुकीशी जुळवून घ्यावं लागेल. करतो. बाराच्या आत करतो."

साडूभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. शाळेत गणिताचं उत्तर बरोबर आलं असं वाटत असताना मास्तरांनी फुली मारली की मुलं बघतात तसे.

"तुम्ही जा," बाई साडूभाऊंना म्हणाल्या. "या इमारतीत परत दिसू नका. माणसं मरतील इथे, कळतंय का?"

"माझंच चुकलं असेल, मॅडम," साडूभाऊ म्हणाले आणि गेले.

काका पहिल्या टेबलाखाली शिरले.

काम अवघड नव्हतं. जॅकच्या दातांत एकदा रुतलेली तार पुन्हा नीट धरत नाही, म्हणून जुनं टोक कापायचं, साल सोलायचं, चार जोड्या ओळखायच्या आणि क्रमानं बसवायच्या. टेबलांखाली वीत-दीड वीत जास्तीची केबल त्यांनीच गुंडाळून ठेवली होती. एका जॅकला चार मिनिटं. चोवीसाला शहाण्णव. आता सव्वादहा. अकरा एक्कावन्नला संपेल. हिशेब बसत होता. फक्त एवढंच लक्षात ठेवायचं, की आता सैल ती केशरी आणि मधली ती तपकिरी.

काकांनी डोळे मिटले, जोडी चिमटीत धरली आणि अंगठ्यानं मळली.

काही कळलं नाही.

पुन्हा मळली. बोटं घामानं ओली होती, तार निसटत होती. घट्ट कुठली, सैल कुठली? बोटं थरथरत होती आणि थरथरत्या बोटाला जगातली प्रत्येक तार सारखीच पिळलेली लागते. त्यांनी शर्टाला हात पुसले. पहिला जॅक जमला, पण आठ मिनिटं गेली. दुसऱ्याला सहा. चौथा जॅक झाल्यावर टेस्टर लावून रॅकपाशी जाऊन बघितलं तर तिसरा दिवा भलतीकडेच लागला. हिरवी जोडीही चुकली! पंचवीस वर्षांत हिरवी कधी चुकली नव्हती. हिरवी म्हणजे त्यांच्या बोटांची थोरली मुलगी, अंधारात हाक मारली तरी ओ देणारी.

टेबलापाशी एकेक बूट येऊन उभा राहू लागला. कक्षातले फोन घेणारे कर्मचारी येत होते. काळे बूट, निळ्या चपला, एक लंगडती टाच. बूट नुसते उभे होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. बायको.

"हं," काका टेबलाखालून म्हणाले.

"तायडी रदत होती," पलीकडून सुजलेल्या गालातून आवाज आला. तायडी म्हणजे तिची धाकटी बहीण, साडूभाऊंची बायको. "तिच्या नवऱ्याला हाकलून दिलं म्हणाली. काय केलं ओ त्यांनी?"

"केबली उलट लागल्या."

"त्यांच्या चुकीनं?"

काकांनी सुटलेली तार पुन्हा चिमटीत धरली.

"अओ," ती म्हणाली, आणि दाढेची कळ सोसत तिनं प्रत्येक अक्षर नीट उच्चारलं, "टोमॅटो तर नाहीत ना?"

समोर टेबलाच्या पायावर त्यांचं स्वतःचं मागच्या आठवड्यातलं चिकटवलेलं लेबल होतं, सुरेख अक्षरातलं. सात टेबलं झाली होती. त्यातली दोन चुकीची. सतरा उरली होती. वेळ, पंचावन्न मिनिटं.

"ठेवतो," ते म्हणाले आणि बाहेर आले. गुडघ्यांवर, मग पायांवर.

साडूभाऊ खालच्या जिन्याच्या पायरीवर बसलेले होते.

"तुम्ही गेला नाहीत?"

"जाणार कसा? स्कूटरची किल्ली तुमच्या खिशात."

काकांनी खिसा चाचपला. होती.

"देऊ नका एवढ्यात, काम करा तुम्ही," साडूभाऊ म्हणाले. "मी बसतो. साडूभाऊ, एक सांगू? मी खरंच रंग बघून लावले होते. घरची शपथ. दोनदा बघितले. तुमचं काम म्हणून दोनदा बघितले. पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझीच नजर फिरली असणार. तुमचा हात कसा चुकेल?"

काकांना त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर ते आभार मानते. ज्याला चांगली नजर होती तो स्वतःच्या नजरेवर शंका घेत बसला होता, कारण ज्याला नव्हती त्यानं सांगितलं होतं.

"तुमची नजर फिरली नाही," काका म्हणाले. "मला नाहीये."

"काय नाहीये?"

"नजर. रंगांची. केशरी, हिरवा, तपकिरी, काही कळत नाही. लहानपणापासून. तुमच्या बाजूच्या चोवीस बरोबर आहेत. माझ्या चोवीस चुकल्यात."

साडूभाऊ पायरीवरून उठले. "म्हणजे ते डोळे मिटून..."

"पीळ चाचपत होतो."

"आणि ते सावत्र बाप वगैरे?"

"काही नाही हो! लपवायला."

"अरे देवा," साडूभाऊ म्हणाले. "तीन वर्षं मी घरी डोळे मिटून सराव करतोय!"

एरवी दोघं या गोष्टीवर पोट धरून हसले असते. काकांनी त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढत वर नेलं. सायरनबाई घड्याळाखाली उभ्या होत्या. त्यांनी साडूभाऊंना बघून श्वास आत घेतला, पण काका आधी बोलले, आणि इतक्या मोठ्यानं बोलले की सगळ्या बुटांनी ऐकलं.

"मॅडम, मघाशी खोटं बोललो. चूक माझ्या टोकांना आहे. मला रंग ओळखता येत नाहीत. यांचं काम बरोबर आहे. मला यांचे डोळे पाहिजेत, नाहीतर बाराच्या आत होणार नाही."

बाई काकांकडे बघत होत्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढे, सगळ्यांना माहीत होतं. आता तो उतरला, आणि ते जास्त भयंकर होतं.

"किती वाजले?"

"अकरा वाजून बारा मिनिटं."

"मग हे सगळं साडेबाराला. आत्ता काय लागेल ते सांगा."

"रॅकपाशी टेस्टरवर कुणीतरी पाहिजे. दिवे मोजून ओरडायला."

बाईंनी चष्मा वर ढकलला आणि त्या स्वतः रॅकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओरडायला दलात त्यांच्याहून लायक कुणी नव्हतं.

दोघं साडू एकाच टेबलाखाली शिरले. एकाचे गुडघे दुसऱ्याच्या बरगडीत. काका कापायचे, सोलायचे आणि टोक साडूभाऊंपुढे धरायचे. साडूभाऊ बोट ठेवायचे, "केशरी. हिरवी. निळी. ही तपकिरी." काकांची बोटं आता वाचत नव्हती, फक्त बसवत होती, आणि बसवण्यात ती अजून राजा होती. खट, खट, खट, जॅक बंद. टेस्टरची एक डबी लावली की पलीकडून आवाज येई.

"एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! सात! आठ! पुढे!"

एका जॅकला तीन मिनिटं. मग अडीच. साडेअकराला सतरापैकी सहा झाले. टेलिफोन कंपनीच्या माणसाचा फोन आला, बाराला लाइन वळवू का, की दिवस बदलायचा? बाईंनी टेबलांकडे बघितलं. "दिवस बदलला तर पुढची तारीख कधी?" पंधरा दिवसांनी. जुन्या कक्षाचं छत तीन ठिकाणी गळत होतं, तिथली निम्मी यंत्रं प्लास्टिकखाली होती. "वळवा," त्या म्हणाल्या. "बारा म्हणजे बारा."

"साडूभाऊ, ही हिरवी म्हणालात की केशरी?"

"हिरवी. माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवलाय. विश्वास ठेवायची मला सवय नाही, म्हणून विचारलं."

अकरा चोपन्नला तीन उरले. एक नवा आणि आधीचे दोन चुकलेले. नवा झाला. पहिला चुकलेला झाला. दुसऱ्या चुकलेल्या टेबलाखाली काकांनी मघाशी घाबरून इतक्यांदा कापलं होतं की केबलीचं टोक जेमतेम बोटभर उरलं होतं. आता चुकलं तर तिथे पुन्हा कापायला काही नव्हतं. साडूभाऊंनी मोबाइलचा उजेड दातांत धरला, त्यामुळे ते रंग सांगत होते ते असे ऐकू येत होते, "हेहही. हिही. हिअवी."

"नीट सांगा!"

साडूभाऊंनी मोबाइल थुंकून टाकला आणि कक्षाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे ताणून म्हणाले, "केशरी. निळी. हिरवी. तपकिरी. देवाशप्पथ."

खट. खट. जॅक बंद.

"एक!" बाई ओरडल्या. "दोन! तीन! चार! पाच! सहा!"

मग काही नाही.

"मॅडम?"

"थांबा, चष्मा घसरला. सात! आठ!"

काका टेबलाखालीच आडवे झाले. वर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर आला. सगळ्या फोनचे दिवे एकदम लागले, आणि मग पूर्ण एक मिनिट काहीही घडलं नाही. मग अकराव्या टेबलावरचा फोन वाजला. लंगडती टाच खुर्चीत बसली होती, तिनं उचलला.

"अग्निशमन दल. बोला. हो. किती मजली? आत कुणी आहे? बरं, घाबरू नका, पत्ता सांगा." कळ दाबली गेली. खाली गाडीचं दार आपटलं आणि फरशी थरथरली. ती थरथर टेबलाखाली पडलेल्या काकांच्या पाठीला लागली.

साडेबाराला बाईंनी दोघांना समोर बसवलं. आधी एक फाइल वर धरली. "ही कुठल्या रंगाची?"

"माहीत नाही, मॅडम."

"आणि हा पेन?"

"निळा."

रंगांधळ्या माणसाचं गुपित फुटलं की जग त्याच्यासमोर वस्तू नाचवू लागतं. काकांना त्याची तेव्हा कल्पना नव्हती. पुढच्या आठवडाभरात त्यांना शंभर वस्तू दाखवल्या जाणार होत्या, पहारेकऱ्यानं तर स्वतःची टोपी दोनदा दाखवली.

"या नव्या केबलीनं तुम्ही आणखी कुठे काम केलंय?" बाईंनी विचारलं.

"चार ठिकाणी."

"तिथे सगळं चालू आहे?"

"चालू आहे. दोन्ही टोकं माझीच."

"कुणीतरी उद्या एक टोक कापेपर्यंत."

"हो."

बाईंनी कागद पुढे ढकलला. "इथली देखभाल कुणाला द्यायची ते मला महिनाअखेर ठरवायचंय. आज सकाळी मी तुमचं नाव लिहिलं होतं. आता खोडलंय. त्या चारही ठिकाणी जाऊन सांगा, दुरुस्त करा आणि त्यांच्या सहीचं पत्र आणा. मग मी पुन्हा बघेन. आणि नाव घातलंच, तर या इमारतीत दोन्ही टोकं तुम्ही बांधायची नाहीत. एक तुम्ही, एक दुसऱ्यानं."

"खोटं बोललो त्याचं काय, मॅडम?"

"ते मी विसरणार नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्हीही विसरू नका."

स्कूटरवर साडूभाऊ मागे बसले. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "सिग्नलचं कसं करता हो?"

"वरचा दिवा लागला की थांबतो, खालचा लागला की जातो."

"आडवा सिग्नल असला तर?"

"पुढची गाडी बघतो."

"आणि पुढे कुणी नसलं तर?"

"तुम्ही उतरा बरं!"

साडूभाऊ उतरले नाहीत. तायडीला काय सांगायचं, यावर दोघांनी पुढच्या तीन सिग्नलांत चर्चा केली आणि खरं तेच सांगायचं ठरलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पहिल्या ठिकाणी गेले. एका तपासणी प्रयोगशाळेचं कार्यालय, दुसरा मजला, सोळा टेबलं. करड्या मोज्यांवाले मॅनेजर इथेच बदलून आले होते. काकांनी त्यांना मोज्यांवरून ओळखलं आणि पहिल्यांदाच मान वर करून चेहरा बघितला. बरा होता.

"अरे टोकेकाका! या. पण आम्ही तक्रार केली नव्हती."

"नाही केलीत."

"मग? काही बंद पडलंय का? सकाळपासून सगळं झकास चालू आहे."

काकांनी बॅग खाली ठेवली. टेस्टर बाहेर काढला, क्षणभर हातात धरला आणि साडूभाऊंच्या हातात दिला.

"चालू आहे, तोवरच आलोय," ते म्हणाले. "बसा साहेब. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय."